रास घरात, आजोबा एस.टी.त

नोकरदाराला रिटायरमेंट असते, शेतकऱ्याला कुठली? तरी रब्बीची रास घरात आली की मृगापर्यंत म्हाताऱ्या माणसांना जरा उसंत मिळते. नातवंडांच्या शाळाही तेव्हाच बंद. मग चैत्रात जोतिबा, शिखर शिंगणापूर, वणीचा गड. पुढे लेकीच्या गावी चार दिवस. पूर्वी "तिकिटाला पैसं कुठनं आणू?" म्हणत आजोबा पारावरच बसून राहत.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत एस.टी. मोफत झाली. त्याखालच्या, पण पासष्टी पार केलेल्यांना अर्धे तिकीट. बायकांना तर १७ मार्च २०२३ पासून वय न पाहता अर्धे, म्हणजे आजी साठीची असली तरी चालते.

घोडे अडते ते आधार कार्डावर. जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते. कार्ड काढताना "लिवा अंदाजानं" म्हणून मोकळे झाले. आता ऐंशीचा गडी कागदावर बहात्तरचा, आणि कंडक्टर तिकीट फाडतो. त्याचा तरी काय दोष? तो कार्डच बघणार.

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त होते. तेव्हा पक्का पुरावा हाती आल्याशिवाय केंद्रावर धावू नये. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचे जुने जनरल रजिस्टर यांत नोंद सापडू शकते. ती कुठे शोधायची हे म्हाताऱ्याला कळत नाही, तलाठी भाऊसाहेबांना आणि गुरुजींना कळते. यात्रेच्या आदल्या दिवशी हे काम होत नाही. माघातच हाती घ्यावे.