सैनिकाचे घर : काय बदलले?

● शिक्षण : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील (एनडीए) प्रवेशाच्या तयारीसाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये छत्रपती संभाजीनगरात मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये आली.

● मुली : एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली; मे २०२५ मध्ये १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

● वीरपत्नी : साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. पत्नी स्वाती २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या.

● आरोग्य : निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक व अवलंबितांसाठी ‘ईसीएचएस’ योजना २००३ पासून.

● मदत कुठे? : निवृत्तिवेतनाच्या अडचणी, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. हा हक्क आहे. घरच्यांनी संकोच न करता मागावा.