गप्पीचं पोट फुगलं, तर औषधाआधी काय पाहायचं?

मंडळी, शहापूर-मुरबाडकडे गप्पी मासा आपल्याला बहुतेक वेळा सिमेंटच्या हौदातच पहिल्यांदा भेटतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं तो साठलेल्या पाण्यात सोडतं. तिथून दोन-चार मासे बरणीत येतात आणि घरात मुलांचा नाद सुरू होतो. मग एक दिवस प्रश्न येतो, "मासा फुगलाय, कुठलं औषध टाकू?"

आपण आधी थांबायचं. पोट फुगणं हा रोग नव्हे, ती खूण आहे. आणि तिच्यामागे निरनिराळी कारणं असतात.

पहिली शक्यता, मादी गाभण आहे. गप्पी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्लं देते. पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो, ती खाते, पोहते. इथे उपचार कसला करायचा?

दुसरी, बद्धकोष्ठ. पोट टम्म, पण खवले अंगाला चिकटलेले, विष्ठा नाही. रोज कोरडंच खाद्य आणि तेही चिमूट-चिमूट जास्त, हे नेहमीचं कारण. थंडीत पाणी गार झालं की पचनही मंदावतं. दोन दिवस उपास, मग उकडलेल्या मटाराचा साल काढलेला कण द्या.

तिसरी, जंत. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली म्हणून लगेच घाबरू नका. उपाशी माशाचीही तशीच असते. पण मासा खातोय तरी वाळतोय, किंवा गुदद्वारातून लाल तंतू डोकावतायत, तर संशय पक्का धरा.

चौथी, जलोदर. माशाकडे वरून बघा. खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील, तर अंगात पाणी साठलंय. हा बहुधा उशिराचा टप्पा असतो. मासा वेगळा ठेवा.

आता पाण्याचं बघू. भातसा, तानसा ही धरणं शहापूरची, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. त्या पाण्यात टीसीएल पावडर असली, तर क्लोरीननं कल्ले भाजतात. मासा खाणं सोडतो आणि आपण पोटाला दोष देतो. पाणी बदलल्यानंतर काही तासांतच त्रास सुरू झाला का, हे आठवा.

अंदाजानं अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका. टाकीतली घाण पचवणारे जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि निरोगी मासेही जातात. जंताचं औषधही पशुवैद्यकाला विचारूनच.

आणखी एक. आजारी मासा "जाऊ दे, जगेल" म्हणून विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. गप्पी मुळात दक्षिण अमेरिकेकडचा. तो आणि त्याचे जंत आपल्या मळ्या-दांडवणींच्या पाण्यात गेले, तर परत काढता येत नाहीत.

तेव्हा वहीत रोज चार गोष्टी टिपा: खाल्लं का, विष्ठा कशी, खवले कसे, पाणी कधी बदललं. तीन दिवसांच्या या नोंदीवरून उत्तर बरंचसं आपल्यालाच सापडतं.