पावसाळ्यात न अडणारं दार

जून-जुलैत घरोघरी लाकडी दारं चौकटीत घासू लागतात. सुतार येतो, कडेवर रंधा मारून देतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच कडेला फट दिसू लागते. यात सुताराचा दोष नाही, लाकडाचाही नाही. लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. देशावर आणि विदर्भात उन्हाळा अगदी कोरडा असतो, तिथे सहा इंच रुंदीची सागाची फळी भर पावसात मिलिमीटरभर तरी वाढते. अशा सहा-सात फळ्यांचं दार घट्ट चौकटीत बसवलं तर ते अडणारच. म्हणूनच जाड फळ्यांच्या रांगड्या सरकत्या दाराला, ज्याला बाजारात ‘बार्न डोअर’ म्हणतात, अमेरिकी कोठारांवरून उचललेली नुसती हौस म्हणून बाजूला सारू नये. हे दार चौकटीत शिरतच नाही. ते भिंतीच्या बाहेरून ट्रॅकवर लटकतं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीची जागा झाकतं. पावसात फुगलं तरी घासायला समोर काही नसतं.

ही मोकळीक दार बनवतानाच जपावी लागते, आणि नेमकी तिथेच घाई होते. सगळ्या फळ्या फेव्हिकॉलने एकमेकींना चिकटवून मागे आडव्या पट्ट्या घट्ट ठोकल्या, की फळ्यांना हलायला जागाच उरत नाही. मग दार वाकतं किंवा मधोमध तडकतं. त्यापेक्षा एका फळीच्या कडेला खाच आणि शेजारच्या फळीच्या कडेला जीभ काढावी, दोन्ही कोरड्याच अडकवाव्यात आणि मधे बारीक फट ठेवावी. प्रत्येक फळी आडव्या पट्टीला तिच्या मध्यरेषेवरच स्क्रूने धरावी, म्हणजे ती दोन्ही अंगांना पसरू शकते. वरच्या चाकांचे लोखंडी पट्टे मात्र दोनच फळ्यांना धरतात. बाकीच्या फळ्यांचं ओझं आडव्या पट्ट्यांवर येतं. तेव्हा चाकाचा पट्टा, फळी आणि मागची आडवी पट्टी यांतून एकच आरपार बोल्ट गेला पाहिजे. पाडलेल्या वाड्यांचा जुना सागवान मिळाला तर उत्तमच, कारण तो वर्षानुवर्षं सुकलेला असतो. फक्त रंध्याखाली घेण्याआधी आतले खिळे शोधून काढावेत आणि वाळवीने पोखरलेला भाग कापून टाकावा.

या दारावरचे आक्षेपही खरे आहेत. भिंत आणि दार यांच्यामधल्या फटीतून आवाज येतो, वास येतो, उजेडही येतो. संडास-बाथरूमला हे दार लावू नये, आणि ज्या खोलीत कुणी शांत झोपायला हवं तिथेही नको. स्वयंपाकघर, देवघर, पुस्तकांची खोली, कोठीची खोली इथे ते शोभतं आणि चालतंही. जागा वाचते हा दावाही अर्धाच खरा. तीन फुटी साधं दार उघडताना सुमारे सात चौरस फूट जमीन अडवतं, ती वाचते. पण बाजूची तीन-सव्वातीन फूट भिंत कायमची मोकळी सोडावी लागते, तिथे कपाट किंवा स्विचबोर्ड चालत नाही. सर्वांत गंभीर प्रश्न वजनाचा. दीड इंच जाडीचं सागाचं दार पन्नास किलोच्या आसपास जातं, आणि नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग ते फार काळ पेलत नाहीत. ट्रॅक दाराच्या दुप्पट लांबीचा असतो, त्यामुळे त्याचा निम्मा भाग तरी अशा भिंतीवर येतो. तिथे आधी जाड लाकडी पट्टी शक्य तिथे सिमेंट काँक्रीटच्या लिंटेलला आणि बाकी ठिकाणी केमिकल अँकरने धरावी, ट्रॅक तिच्यावर बसवावा, आणि दाराच्या खालच्या कडेला फ्लोअर गाइड लावावा, म्हणजे दार झुलणार नाही. घरात लहान मुलं असतील तर ट्रॅकच्या दोन्ही टोकांचे अडसर भक्कम आहेत ना, हे हाताने ओढून पाहिल्याशिवाय सुताराचे पैसे चुकते करू नयेत.