जुनी जीप घेताय? आधी खाली वाकून बघा

सोयाबीनचे पैसे हातात येतात, उसाचे बिल बँकेत जमा होते, आणि घरातल्या तरण्या पोरांच्या बोलण्यात गाडीचा विषय निघू लागतो. नवी गाडी आवाक्याबाहेरची. मग अमक्या गावात एक जुनी उघडी जीप विकायची आहे, असे कानावर येते. जीप ही आपल्याकडची हौसेची गाडी. मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे महिंद्राच्या नावाने ती खेडोपाडी रुळली. बांधावरही जाते आणि वरातीतही मिरवते. इंजिन साधे, तालुक्याचा मिस्त्री ते डोळे मिटून उघडतो. म्हणून इंजिनाची फार धास्ती घेऊ नये. ते बिघडले तर दुरुस्त होते, नाही तर बदलता येते. जुन्या जीपचा खरा वैरी गंज, आणि तो बहुधा नजर जात नाही अशाच जागी बसलेला असतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. १९९८ साली वडिलांनी उसाच्या बिलातून ४५ हजारांना एक जीप घेतली. गाडी किनारपट्टीवरची, मासळी वाहणारी. विकणाऱ्याने बाटलीसारखा हिरवा रंग मारून, नवी ताडपत्री चढवून ती अशी उभी केली होती की बघताक्षणी मन बसावे. वडील, चुलते आणि मी, तिघांनी इंजिन चालू केले, धूर पाहिला, दोन चकरा मारल्या. आई सहज बरोबर आली होती. माठ घेताना वाजवतात तशी तिने मागच्या मडगार्डवर बोटे वाजवली आणि म्हणाली, "हितं टणटण वाजतंय अन् हितं भद्द. आसं का?" आम्ही हसलो आणि विसार देऊन टाकला.

पहिल्याच पावसात पायाखालून चिखलाचे पाणी आत उडू लागले. रबरी चटई उचलली, तर तळाच्या पत्र्याला हात जाईल एवढे भोक! त्यावर पत्रा ठोकून घेतला आणि गप्प बसलो. पुढच्या मार्गशीर्षात देवाला जाऊन परतताना मागे सात माणसे होती, त्यांत चार पोरे. घाट उतरून सपाटीला लागलो आणि मागून मोठा आवाज होऊन गाडी एका अंगाला बसली. मागच्या पाट्याचा हँगर चासीचा तुकडा घेऊनच निघून आला होता. हे अर्ध्या तासापूर्वी घाटातल्या वळणावर झाले असते तर काय, याचा विचार आजही नको वाटतो. मिस्त्रीने चासीवर हातोडी मारली तेव्हा गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडले. गाडी शेवटी किलोच्या भावाने भंगारात गेली. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि तेच वडिलांना जास्त लागले.

आता हा गंज धरतो कसा? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की तो सुरू होतो. त्यात मीठ मिसळले की कितीतरी झपाट्याने वाढतो. म्हणून समुद्राकाठची आणि मासळी वाहिलेली गाडी आधी तपासावी. पण देशावरची गाडी धडधाकट असेलच असे नाही. पोटॅश म्हणून आपण जे खत टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश मिठाच्याच जातीचा क्षार आहे. फाटक्या पोत्यातून ते सांडले, ओल धरली, की खालचा पत्रा गेलाच म्हणा. शेणखत वाहिलेल्या गाडीचेही तेच. चिखलाचे गोळे मडगार्डच्या आत आणि चासीच्या कोपऱ्यांत चिकटून राहतात, वरून कोरडे दिसले तरी आत दिवसच्या दिवस ओले असतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा रंग फोडासारखा फुगतो. फोड बोटभर दिसला तर आतला पत्रा वीतभर खराब आहे असे धरून चालावे.

गाडी बघायला जाताना दिवसाउजेडी जा. नुकतीच धुतलेली ओली गाडी बघू नका, ओला रंग सगळे झाकतो. बरोबर एक बॅटरी, एक स्क्रू ड्रायव्हर, आडवे पडायला पोते आणि फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक घ्या. सडलेल्या पत्र्याचे भोक बुजवायला त्यावर लांबी भरतात, घासतात आणि रंग मारतात. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. चांगल्या पत्र्याला ते धरते, जाड लांबीवर सुटून पडते. शंका आली तिथे बोटाने वाजवा. आमच्या आईचा तो 'भद्द' आवाज लांबीचाच होता!

रबरी चटई उचलल्याशिवाय व्यवहाराची गोष्ट बोलू नका. पाय ठेवायची जागा, सीटखालचे कोपरे, काचेच्या चौकटीची खालची कड, बॅटरीखालचा पत्रा हे सगळे बघा. बॅटरीतले ॲसिड सांडून तो पत्रा खूपदा खाल्लेला असतो. जुन्या जीपमध्ये डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिच्या खालच्या बाजूला ओल किंवा वास आहे का तेही बघून घ्या.

पण हे सारे पत्र्याचे झाले. पत्रा कापून नवा बसवता येतो, त्याला पैसे लागतात इतकेच. चासीचे तसे नाही. जीपचे सगळे ओझे चासीच्या दोन लांब दांड्यांवर असते. इंजिन, पाटे, स्टेअरिंग तिलाच बांधलेले. गाडी गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊनच ती बघावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, जॅक सरकतो. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा, मागचा आडवा दांडा आणि बॉडीचे बोल्ट जिथे आवळतात त्या जागा आधी बघा. चिखल खरवडून मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबा. वरवरचा तांबूस थर खरवडला की खाली चकचकीत लोखंड लागते, त्याला घाबरू नका. पापुद्रे सुटत असतील तर विचार करा. टोक आत गेले तर पोरे कितीही रुसली तरी घरी परत या. सगळी गाडी जुनाट आणि फक्त चासीला ताजा काळा रंग किंवा डांबर असेल, तर ते का, हे विचारायलाच हवे. पट्ट्यांवर पट्ट्या वेल्डिंग केलेली चासीही नको. ब्रेकच्या लोखंडी नळ्या चासीला लागूनच जातात. त्यांवर गंजाच्या गाठी असतील तर त्या बदलायचा खर्च भावातून कमी करा.

चासीवर कोरलेला नंबर आर.सी. बुकातल्या नंबराशी जुळवा. गंजाने तो पुसला असेल किंवा त्याच जागी वेल्डिंग असेल, तर आर.टी.ओ.त काम अडेल. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. ती मुदत आणि पुढची फी आधीच विचारून घ्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवूनच पैसे द्या.

पुरातल्या गाड्यांचे वेगळे सांगायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी विकताना सांगेलच कोण? हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, सीटखालच्या बोल्टांना एकसारखा गंज, चासीच्या पोकळीत बारीक गाळ, एवढे दिसले तरी पुरे.

समजा, गाडी पसंत पडली. तरी भाव ठरवण्याआधी पत्र्याच्या कामाचा खर्च गॅरेजवाल्याकडून लिहून घ्या आणि तो कागद पुढे ठेवून बोला. घरी आणल्यावर पाऊस लागण्याआधी खालची बाजू धुवा, कडक उन्हात वाळवा, गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइड लावा आणि त्यावर रंग. जुने इंजिन ऑइल चासीला फासायची पद्धत आहे, पण रबरी बुश, ब्रेक आणि सायलेन्सरला ते लागू देऊ नका. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची वायर सोडवा, आणि काम टाकीजवळ असेल तर टाकी उतरवूनच करा. तळाच्या पत्र्याला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मातीने बुजतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती काडीने मोकळी करत चला.