पेशंटजवळच्या मावशींचं काम

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नर्सिंग ब्युरोतून देखभालीला मावशी आणल्या की ‘नुसतं बसायचं तर काम!’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही चादरीवरून न फरफटवता. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघायच्या, कारण दाबूनही न जाणारी लाली ही बेडसोरची पहिली खूण असते. (सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही, जागा गरम किंवा टणक लागते का, हे हातानेच बघावं लागतं.) नळीने भरवताना आणि नंतरही काही वेळ पाठ उंच ठेवायची, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

‘हे घरचेही करतात की,’ असं कुणी म्हणेल. करतात, पण शिकून घेतल्यावरच. इंजेक्शन देणं किंवा डोस बदलणं मात्र मावशींचं काम नाही, ते त्यांच्यावर ढकलू नका. ‘पैसे मोजतो, मग धुणीभांडी का नको?’ तर ओट्याशी अडकलेल्या मावशींकडून कूस बदलायची वेळ टळते आणि जखम पेशंटला होते. बारा तासांच्या पाळीत त्यांना नीट जेवायला वेळ द्या.