हाडं दिसणारच

फोन करणारा माणूस बहुधा घाईत असतो आणि त्याची तक्रारही ठरलेली असते. "ताई, कुत्रं मरायलंय. नुसती हाडकं दिसायलीत." मी विचारते, तोंड निमुळतं आहे का? छाती खोल, पोट आत ओढलेलं? "हो, तसलंच." मग पुढचा प्रश्न : नुसत्या बरगड्या दिसतात, की पाठीचा कणा आणि कमरेची हाडंही वर आलीत? कारवान जातीचं धडधाकट कुत्रंसुद्धा नवख्या माणसाला उपाशी वाटतं. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे त्याच्या चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. कणा दिसायला लागला की मात्र गाडी काढायची.

ग्रेहाउंड हे विलायतेतलं शर्यतीचं कुत्रं. वासापेक्षा नजरेनं शिकार हेरणाऱ्या कुत्र्यांत आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे कारवान. अंगावर रेशमी केस असले तर पश्मी. कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात ते हेच. मुधोळ संस्थान घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला ही कुत्री भेट दिली होती. २००५ मध्ये या जातीचं टपाल तिकीट निघालं, मेरठच्या लष्करी केंद्रानं ती प्रशिक्षणाला घेतली आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये तिचं नाव आलं. तेव्हापासून मला "पिल्लू कुठं मिळेल?" असे फोन यायला लागले. "घेऊन जाता का?" हे फोन त्यानंतरचे.

खेड्यांत हे कुत्रं आधीपासूनच आहे. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे : सशामागं सोडायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात, वैजापूरकडच्या माळांवर, काळविटांचे कळपही आहेत. उन्हाळ्यात रानं मोकळी होतात, जनावर लांबून दिसतं, कुत्री जास्त पळवली जातात. त्यामुळं आमचा एप्रिल नेहमीच धावपळीचा. यंदाच्या एका आठवड्यात तर एक कुत्री रानातून आली, एक कुत्रा फ्लॅटमधून आला आणि आधीच घरात असलेल्या म्हाताऱ्या पश्मीला घर शोधायचं कामही होतंच.

रानातली कुत्री लासूर स्टेशनच्या अलीकडं एका नळकांडी पुलाखाली बसली होती. तांबूस रंगाची मादी. आमच्यातला एक पोरगा वाळूजला कारखान्यात शिफ्ट करतो, तो रात्रपाळी संपवून थेट तिकडं आला. अशा कुत्र्याच्या मागं धावण्यात अर्थ नसतो. तीन पायांवरसुद्धा ते माणसाला सहज मागं टाकतं, आणि एकदा रस्त्यावर गेलं की ट्रकखाली येण्याचीच भीती. आम्ही आमचं एक शांत, म्हातारं कुत्रं सोबत नेतो, पाठमोरे बसतो, उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकत राहतो. नजरेला नजर द्यायची नाही, बोलायचंही नाही. पोरगा बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागला, तेव्हा कुठं ती बाहेर आली. (त्याचं झोपणं कामाला आलं असं आमचं मत आहे. तो म्हणतो, झोपलोच नव्हतो.)

तिच्या मांडीवरची कातडी तारेच्या कुंपणानं वीतभर फाटली होती. या कुत्र्यांच्या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. गावठी कुत्र्याला जिथं ओरखडा येईल तिथं यांची कातडी जुन्या धोतरासारखी टरकते. टाके घालायचे म्हणजे भूल आली, आणि भुलेचा प्रश्न नाजूक. थायोपेंटोनसारखं औषध ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश उतरतं : चरबी कमी आणि यकृताचं कामही संथ. कारवानचा इतका अभ्यास झालेला नाही, म्हणून आमचे डॉक्टर तोच नियम धरून चालतात आणि ते औषध वापरत नाहीत. डॉक्टर नवे असतील तर टेबलावर ठेवण्याआधीच मी हे सांगून टाकते. आगाऊ बाई म्हटलं तरी चालेल.

गोचीड इतके होते की कानाच्या पाळीची आतली बाजू दिसतच नव्हती. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी. इथं पुन्हा तीच गंमत : निरोगी ग्रेहाउंडच्याही प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात आणि तांबड्या पेशी जास्त. म्हणजे प्लेटलेटचा आकडा बघून उगाच घाबरायला होतं आणि तांबड्या पेशींचा आकडा बघून उगाच निर्धास्त. इतरांसाठी ठीक असलेला आकडा यांच्यात रक्त कमी झाल्याची खूण असू शकतो. तिला मात्र ताप होता, हिरड्या पांढुरक्या होत्या आणि गोचीड तर समोरच दिसत होते. गोचीड-ताप धरून डॉक्सीसायक्लीन सुरू केलं, २८ दिवसांचं, रिकाम्या पोटी नाही. म्हणून आधी भात आणि मग गोळी.

फ्लॅटमधला कुत्रा बीड बायपासकडून आला. तिसऱ्या मजल्यावर वाढलेला, दीड वर्षाचा, गुबगुबीत. घरच्यांनी लोकांच्या बोलण्याला कंटाळून त्याला पोळ्या चारून चारून 'भरलेला' केला होता. तो जिना चढायचा, आमची रानातली पहिल्या पायरीपाशीच थिजायची. तिनं जिना पाहिलाच नव्हता. पंखा फिरला की ती दिवाणाखाली जायची, कुकरची शिट्टी झाली की मोरीत. चकचकीत फरशीवर पाय फाकायचे, म्हणून दारापासून गोधड्यांची वाट केली. गोधड्या तशाही लागतात. हाडांवर मांस नसल्यानं कठीण जमिनीवर कोपरांना घट्टे पडतात. धुवायच्या मात्र नळाला पाणी येईल त्या दिवशी, आणि तो दिवस या शहरात कोणता ते महापालिकेलाच माहीत.

घरी आल्यावर ही कुत्री काय करतात? झोपतात. पळणारं कुत्रं म्हणून ज्यांनी नेलं ते आठवडाभरात विचारतात, "हे आजारी आहे का?" नाही. दोन मिनिटं जीव तोडून धावायचं आणि उरलेला दिवस लोळायचं, हीच त्याची जात.

गळ्यातला पट्टा ही आणखी एक भानगड. यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, त्यामुळं साधा पट्टा मागं ओढलं की निघून येतो आणि कुत्रं गेलंच. औरंगपुऱ्यात दप्तरं शिवणाऱ्या एका काकांकडून आम्ही रुंद नायलॉनचे पट्टे शिवून घेतो. दोन कड्यांतून वेगळा फास असतो, ओढलं तरच तो आवळतो आणि तोही बेतानं.

परदेशातली ग्रेहाउंडची व्यवस्था मी हेव्यानं वाचते. ब्रिटनमध्ये निवृत्त ग्रेहाउंडांसाठी १९७५ पासून संस्था आहे. फ्लोरिडात २०१८ मध्ये लोकांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला, २०२० च्या अखेरीस त्या थांबल्या. न्यूझीलंडनं २०२४ मध्ये बंदी जाहीर केली. तिथल्या शर्यतींनी कुत्र्यांचे हाल केलेच, पण त्यांच्या कानात गोंदलेला नंबर असायचा, कुठंतरी नोंद असायची. आमच्या तांबूस मादीची नोंद कुठंच नाही. कुणाची होती हे विचारत आम्ही लासूरला फिरलो. सगळ्यांनी तिला ओळखलं, पण मालक कोण ते कुणीच सांगितलं नाही.

खरं काम नाही म्हणण्याचं असतं. फ्लॅटमधल्या कुत्र्याचा फोटो टाकल्यावर त्या आठवड्यात भरपूर फोन आले. एकाला जोडी लावून पिल्लं विकायची होती. एकानं सरळच सांगितलं, "आमच्याकडं ससे लई हायेत." एका बंगल्याचं कुंपण कमरेएवढं, ते याला दिसणारसुद्धा नाही. आम्ही घर बघायला जातो तेव्हा आधी भिंत बघतो, मग शेजाऱ्याचं मांजर आणि कोंबड्या. माणसं शेवटी. शेवटी तो सिडकोतल्या एका निवृत्त जोडप्याकडं गेला. काका पहाटे साडेपाचला फिरायला निघतात, डांबर तापायच्या आत परततात. मावशींनी विचारलं, "बारीक करायचा म्हणता, पण लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणतीलच.

म्हातारा पश्मी अजून आमच्याकडंच आहे. सात वर्षांच्या कुत्र्यासाठी फोन येत नाहीत. मादीचे टाके सुकत आलेत, पण रक्त सुधारेपर्यंत नसबंदी नाही, आणि नसबंदीशिवाय ती कुणाला द्यायची नाही.

बिडकीनच्या एका शेतकऱ्याला राखणीला कुत्रं हवं होतं. चांगला माणूस. पण त्याला रात्रभर गोठ्याशी बांधून ठेवायचं होतं, आणि या जातीला बांधलं की ती खंगते. मी नाही म्हटल्यावर तो रुसला. दोन दिवसांनी पुन्हा आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कुत्रीची दोन गावठी पिल्लं त्याला दाखवली. एक त्याच्यावरच भुंकलं. "हेच द्या," म्हणाला. दोन्ही नेली, लस टोचून.