ओ देणारा आवाज

पाश्चात्य लोकप्रिय संगीतात ‘सोल’ नावाचा एक प्रकार आहे. सोल म्हणजे आत्मा. नाव भारदस्त असले तरी उगम साध्याच ठिकाणी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक एक चरण उच्चारी आणि समोरचा समुदाय गाऊन त्याला उत्तर देई. आपल्या भजनात बुवांची ओळ टाळकरी झेलतात, तसेच हे. १९५० नंतर हा ढंग प्रेमगीतांत उतरला आणि सोल जन्मास आले. एकाने हाक मारावी, दुसऱ्याने ओ द्यावी, हे त्याचे मर्म होय.

यंत्रावर रचलेले नृत्यसंगीत वरवर पाहता ह्याच्या उलट टोकाला आहे. तेथे ठेका यंत्र धरते आणि तो शेवटपर्यंत तसूभरही ढळत नाही. गाणारीने दम घेतला म्हणून यंत्र थांबत नाही, तिने आर्त स्वर लावला म्हणून गहिवरत नाही. मग अशा संगीतावर नाव मिळवलेली गायिका सोलकडे वळते, तेव्हा नेमके काय बदलते? ॲनी लेनॉक्स ह्यांच्या उदाहरणावरून आपण हे पाहू.

लेनॉक्सबाईंचा जन्म १९५४ सालचा, स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा. वडील गोदी-कामगार. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्या बासरी शिकत होत्या, पण ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. १९८० साली डेव्ह स्ट्यूअर्ट ह्यांच्यासह त्यांनी ‘युरिद्मिक्स’ ही जोडी उभी केली. १९८३ मध्ये त्यांचे ‘स्वीट ड्रीम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ठोके यंत्राचे, सूर यंत्राचे. आणि मुख्य आवाजाला साथ देणारे आवाजही बाईंचेच, एकावर एक मुद्रित केलेले. ह्या गाण्यात हाक त्यांची आणि ओही त्यांचीच. त्यातला गारवा हा दोष नव्हे. एकाकी माणसाचे ते खरेखुरे चित्र आहे.

दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, ‘बी युवरसेल्फ टुनाइट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत पितळी वाद्ये आली. एका गीतात स्टीव्ही वंडर ह्यांचा माउथ ऑर्गन आला. हे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत लहानपणापासून वाढलेले कलावंत. आणि दुसऱ्या एका गीतात साक्षात अरीथा फ्रँकलिन आल्या. अरीथाबाईंचे (१९४२–२०१८) वडील डेट्रॉइटचे धर्मोपदेशक; त्यांच्या चर्चमध्येच मुलीचा गळा तयार झाला. ते युगुलगीत डेट्रॉइटलाच मुद्रित झाले. आता लेनॉक्सबाईंच्या ओळीला उत्तर देणारा आवाज दुसऱ्याचा होता, आणि तो थोर होता. अशा वेळी गाणारीला आपला स्वर ताणून, वाकवून, समोरचीचे ऐकत गावे लागते.

कोणी विचारील, ज्या गायकीमागे गुलामगिरीचा इतिहास आहे ती परक्याने उसनी घ्यावी काय? प्रश्न रास्त आहे. ह्या गायकीची नक्कल करून धनको विसरणारे पुष्कळ झाले. आमच्या मते उसने घेण्यात पाप नाही. ज्याचे घेतले त्याला दाराबाहेर ठेवण्यात आहे. येथे ते झाले नाही. तेच गीत त्याच वर्षी अरीथाबाईंच्या ध्वनिमुद्रिकेतही आले.

तथापि यंत्राला आत्मा नसतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. डॉना समर ह्यांनी १९७७ मध्ये जवळजवळ सर्वस्वी यंत्रांच्या साथीवर ‘आय फील लव्ह’ गायिले. त्याही बॉस्टनच्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या होत्या. तेव्हा दोन्ही प्रवाह मुळात फार दूरचे नाहीत. यंत्राचा ठेका अढळ असतो, एवढेच त्याचे सामर्थ्य आणि एवढीच त्याची मर्यादा. गायक शैली बदलतो तेव्हा नवी वाद्ये मोजू नयेत. त्याच्या हाकेला आता ओ कोण देत आहे, तिकडे कान लावावा.